मोठ्या गाडीच्या डाव्या कुशीत जायचं नाही

प्रश्न असा आहे. मोशीत राहणारा एक पोरगा चाकणला कंपनीत नवीन लागलाय, त्याला रोज सायकलवर जायचंय, एका बाजूने साधारण दहा-अकरा किलोमीटर, पुणे-नाशिक रोडने. घरचे नको म्हणतायत, कारण त्या रोडला ट्रेलर, कंटेनर, डंपर आणि कंपन्यांच्या बसेस यांची रांग असते. तो म्हणतो, मोठ्या गाड्यांच्या शेजारून सायकल कशी चालवायची ते नीट सांगा, नुसतं "जपून जा" सगळेच सांगतात.

मी २६ वर्षं हेवी गाडी चालवली. आधी दहा टायरचा ट्रक, मग टँकर आणि शेवटची नऊ वर्षं कामगारांची बस, ती याच भोसरी-चाकण पट्ट्यात. आता हेवी लायसन्स काढणाऱ्या पोरांना शिकवतो, आणि यार्डात जाण्यायेण्यासाठी सहा वर्षं झाली स्वतः सायकलच वापरतो. म्हणजे दोन्ही सीटवर बसून झालंय. म्हणून मी जे सांगणार ते ड्रायव्हरला वरून काय दिसतं आणि काय दिसतच नाही तिथून सांगणार. हेल्मेट घाला, कानातले हेडफोन काढा, हे तुम्हाला माहितीये आणि ते करायचंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. मोठ्या गाडीची डावी बाजू, म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचा जो पट्टा असतो तो, तिथे तुम्ही कधीच असता कामा नये. गाडी चालू असो नाहीतर सिग्नलला उभी असो, ड्रायव्हर ओळखीचा असला तरी. मी पोरांना शिकवताना त्याला गाडीची डावी कूस म्हणतो. एकतर गाडीच्या मागे राहा, नाहीतर चांगलं पुढे राहा, पण कुशीत जायचं नाही.

का ते सांगतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि सायकलवाला रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, म्हणजे तुमच्या आणि त्याच्या डोळ्याच्या मध्ये अख्खी केबिन येते. त्याचा डोळा जमिनीपासून सात-आठ फुटांवर, डाव्या दाराची काच जिथे संपते तिच्या खालचं त्याला काही दिसत नाही, तिथे पत्रा आहे. जे काही दिसतं ते आरशात. आणि आरसा कसा असतो तर डाव्या बाजूच्या झाडांच्या फांद्या लागून फिरलेला, धुळीने भरलेला, पावसात थेंबांनी भरलेला. दाराच्या वर एक छोटा गोल आरसा असतो, खाली बघायला, तो तर अर्ध्या गाड्यांना एकतर तुटलेला किंवा आभाळ दाखवणारा असतो, आणि नीट असला तरी त्यात माणूस बोटाएवढा दिसतो.

यार्डात नवीन बॅच आली की मी एक करतो. ट्रक उभा करायचा, डाव्या बाजूला एका ओळीत सहा सायकली स्टँडवर लावायच्या, सातवी अगदी बंपरला चिकटून पुढे, आणि मग पोराला सीटवर बसवून विचारायचं, किती दिसतायत मोज. आरसे नीट लावलेले असतात, पुसलेले असतात, तरी पोरगा दोन म्हणतो, एखादा तीन म्हणतो. बंपरपुढची सायकल तर आजपर्यंत एकालाही बसल्या जागेवरून दिसलेली नाही, सीटवरून उठून काचेला नाक लावल्यावर हँडल दिसतं. मग मी त्याला खाली उतरवून सायकलींच्या ओळीत उभा करतो आणि वर केबिनकडे बघायला सांगतो. तिथून केबिन एवढी मोठी, एवढी जवळ दिसते की वाटतं ह्याला आपण दिसणारच. इथेच सगळी गडबड आहे, जो सायकलवर असतो त्याला गाडी डोळाभर दिसते म्हणून त्याला वाटतं की आपणही तिला दिसतोय. लंडनमध्ये पोलीस सायकलवाल्यांना लॉरीच्या केबिनमध्ये बसवून हेच दाखवतात. आपल्याकडेही तुम्हाला कधी संधी मिळाली, कोणी ओळखीचा ट्रकवाला असेल, तर उभ्या गाडीत पाच मिनिटं बसून या. त्यानंतर तुम्हाला मी काही सांगायची गरज पडणार नाही.

पूर्वी डाव्या बाजूला क्लीनर असायचा. आम्ही किन्नर म्हणायचो. तो खिडकीतून मान बाहेर काढून बघायचा, दारावर हाताने थापा मारायचा, "आन दे, आन दे" म्हणायचा आणि सायकलवाला दिसला की "थांब उस्ताद!" म्हणून ओरडायचा. ड्रायव्हरचा डावा डोळा म्हणजे तो पोरगा होता. आता भाड्यात परवडत नाही म्हणून कित्येक गाड्यांवर एकटा ड्रायव्हर असतो, डावी सीट रिकामी. गाड्या मोठ्या झाल्या आणि डावीकडे बघणारा माणूस गेला, हे रस्त्यावरच्या फार कमी लोकांच्या लक्षात आलंय.

आता डावं वळण. सायकलवाल्यासाठी शहरात आणि फाट्यांवर यापेक्षा वाईट जागा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लांब गाडी वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत जात नाहीत, ती आतून कापत जातात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आत. बसची कापतात, ट्रेलरची तर इतकी की पुढचा घोडा, म्हणजे ओढणारा केबिनचा भाग, रस्त्याच्या मध्यावरून वळला तरी मागची चाकं फुटपाथला लागतात. हे ड्रायव्हरला माहिती असतं, म्हणून डावीकडे वळायच्या आधी तो गाडी जरा उजवीकडे घेतो, जागा करतो आणि मग डावीकडे टाकतो. आता मागून येणाऱ्या सायकलवाल्याला काय दिसतं? गाडी हळू झाली, उजवीकडे सरकली, डावीकडे सहा-सात फूट मोकळी जागा झाली. त्याला वाटतं ही सरळ चाललीये किंवा उजवीकडे वळतीये, आपल्याला साइड दिली, निघून जाऊ. तो आत घुसतो आणि त्याच क्षणी गाडी डावीकडे वळायला लागते, पुढची केबिन त्याच्या पुढून आडवी जाते, आणि मागची चाकं त्याच्याकडे सरकत येतात. डावीकडे फुटपाथ किंवा रेलिंग असेल तर निघायला जागाच नाही.

माझ्याच हातून एकदा हे झालेलं आहे. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची शिफ्ट सुटलेली, बस भरलेली, एका फाट्यावर डावीकडे वळत होतो. इंडिकेटर दिला होता, आरसा बघितला होता, आरशात पाणी आणि मागच्या गाड्यांचे लाइट एवढंच होतं. अर्धी बस वळली आणि मागच्या सीटवरचे कामगार एकदम ओरडले. ब्रेक मारला, खाली उतरलो तर डाव्या मागच्या चाकाखाली सायकल होती, रिम पापडासारखी दुमडलेली, आणि पोरगा गटाराच्या पलीकडे चिखलात बसलेला, थरथरत होता. त्याने शेवटच्या क्षणी सायकल सोडून उडी मारली म्हणून वाचला. सतरा-अठरा वर्षांचा असेल. तो म्हणाला, "काका, तुम्ही उजवीकडे चालला होता ना." त्याची चूक मी कशी म्हणू, मी गाडी उजवीकडे घेतलीच होती. त्याला घरी सोडलं, दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन दिली, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, आणि आज जे शिकवतो त्याची सुरुवात तिथूनच आहे.

म्हणून फाटा, चौक, पेट्रोल पंप, कंपनीचं गेट, काहीही डावीकडे जवळ येत असेल आणि पुढची मोठी गाडी हळू होऊन तिच्या डावीकडे जागा मोकळी झाली, तर ती जागा तुमच्यासाठी झालेली नाही. मागे थांबा. इंडिकेटरवर जाऊ नका, आपल्याकडे इंडिकेटरचे इतके अर्थ आहेत, कोणी उजवा देऊन मागच्याला "जा पुढे" म्हणतो, कोणाला खरंच वळायचं असतं, कोणाचा दोन चौकांपूर्वीचा चालू राहिलेला असतो, आणि ट्रेलरच्या मागचा इंडिकेटर चिखलाखाली गेलेला असतो. चाकणच्या बाजूला तर दर दोन-तीनशे मीटरला कुठलं ना कुठलं गेट आहे, म्हणजे ही परिस्थिती तुमच्यासमोर रोज दहा वेळा येणार आहे हे धरूनच चला.

याच्या उलट बसचा पार्श्वभाग. बसच्या मागच्या चाकाच्या पाठी आठ-दहा फूट बॉडी असते, आणि बस स्टॉपवरून निघताना ड्रायव्हर स्टिअरिंग उजवीकडे तोडतो तेव्हा ते शेपूट डावीकडे बाहेर येतं, फूट-दीड फूट सहज. बसच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला खेटून उभे असाल तर धक्का तिथून बसतो. स्टॉपवर बस थांबली की सायकलवाल्यांना घाई होते, बस आणि स्टॉपच्या मधून निघून जायचं, ते तर अजिबात नको, उतरणारी माणसं थेट तुमच्या अंगावर येतात. मागे दहा-पंधरा फुटांवर थांबा, बस जाऊ द्या. उजवीकडून ओलांडायचीच असेल तर मागे मान वळवून बघून, चांगला हात देऊन, आणि बस अजून माणसं घेतीये तेवढ्यातच. निघायच्या तयारीत असेल तर राहू द्या.

सिग्नलला काय करायचं? पुढे ट्रक उभा आहे आणि डावीकडून सायकल जाण्याएवढी फट आहे. जायचं नाही. ट्रकच्या मागे, लेनच्या मधोमध, दहा फुटांवर थांबा. लोक म्हणतात मधोमध थांबलो तर मागचा हॉर्न मारतो. मारू द्या, हॉर्न मारतोय म्हणजे त्याने तुम्हाला बघितलंय. तुम्ही आधी पोचला असाल आणि मोठी गाडी नंतर येऊन मागे उभी राहिली, तर बंपरला चिकटून राहू नका, सातव्या सायकलचं सांगितलं ते आठवा. एवढं पुढे सरका की मागे मान वळवल्यावर काचेतून ड्रायव्हरचं तोंड दिसेल, आणि त्याच्याकडे बघून हात करा. मागे असताना त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही हे नक्की. दिसत असेल तरी त्याचं लक्ष आहे असं समजायचं नाही. आणखी एक, कानाचा उपयोग करा. मोठ्या गाड्यांना हवेचे ब्रेक असतात, पायातला ब्रेक सोडला की फुस्स असा आवाज येतो, तो आला की बहुतेक वेळा गाडी हलणार आहे. त्या वेळी शेजारी काही करायला जाऊ नका.

आता सरळ रस्त्यावर मागून गाडी येते तेव्हा. इथे नवीन माणूस एक चूक हमखास करतो, रस्त्याच्या अगदी कडेला, डांबर संपतं तिथे, जीव मुठीत धरून चालवतो. त्याला वाटतं जितका कडेला तितका सुरक्षित. पण कडेला खडी असते, काचा असतात, साइडपट्टी चार-सहा इंच खाली खचलेली असते, एकदा चाक खाली उतरलं की वर घेताना सायकल आडवी पडते आणि ती रस्त्याच्या बाजूला पडते. शिवाय तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं लेन न सोडता बसेल, आणि तो अर्ध्या फुटावरून जातो. साइडपट्टी रुंद आणि डांबरी असेल तर पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे, मधोमध चाला. नसेल तर डांबराच्या कडेपासून अडीच-तीन फूट आत, सरळ रेषेत. सरळ रेषेत हे महत्त्वाचं. दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये आत शिरायचं आणि परत बाहेर यायचं असं केलं की दर वेळी तुम्ही मागच्याच्या समोर नव्याने उगवता. ओळीने कंटेनर उभे असतील, आणि त्या रोडला असतातच, तर पहिल्या कंटेनरच्या बरंच आधी मागे बघून बाहेरची रेष धरा आणि ओळ संपेपर्यंत सोडू नका, उजव्या दारापासून चार फूट लांबून. ड्रायव्हर दार उघडून न बघता खाली उडी मारतात, मीही मारायचो.

ट्रेलरच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, केबिन गेली म्हणजे गाडी गेली असं नाही. केबिन तुमच्या पुढे जाऊन डावीकडे दबायला लागते तेव्हा मागचे चाळीस फूट अजून तुमच्या शेजारीच असतात, आणि ते आत कापत येतात. केबिन पास झाली की पेडल सोडा, हळू व्हा, शेवटचं चाक जाऊ द्या. आणि लगेच आनंदाने उजवीकडे येऊ नका, एका ट्रकच्या मागे दुसरा चिकटलेला असतो आणि त्याला पुढच्या ट्रकमुळे तुम्ही दिसलेलाच नसता.

वाऱ्याचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. जोरात जाणारी बंद बॉडीची गाडी शेजारून गेली की आधी हवेचा धक्का बाहेर ढकलतो, आणि गाडी निघून जाताना तिच्याकडे ओढल्यासारखं होतं. हँडल खालून सैल पण नीट धरा, कोपर ताठ करू नका, आणि त्या दोन सेकंदांत ब्रेक दाबू नका. उजवीकडून आडवा वारा असेल तर अजून एक होतं, तुम्ही नकळत वाऱ्यावर रेलून चालवत असता, ट्रक शेजारी आला की वारा एकदम बंद होतो आणि तुम्ही त्याच्या बाजूला झुकता, तो गेला की वारा परत सणकन लागतो. हे माहिती असलं की माणूस घाबरत नाही, नाहीतर पहिल्यांदा झालं की वाटतं ट्रकने आपल्याला ओढलं.

अरुंद पूल किंवा काम चालू असल्याने एकच लेन, अशा ठिकाणी काय करायचं यावर सायकलवाल्यांमध्ये दोन मतं आहेत. एक म्हणतात लेनच्या मधोमध चाला, म्हणजे मागचा बाजूने घुसणार नाही. माझं मत असं की गाड्या हळू असतील, वीस-पंचवीसच्या स्पीडने, तर हे बरोबर आहे, मागे बघा, हात द्या, मधे या, पूल संपला की बाजूला होऊन हात वर करून आभार माना. पण मागून गाड्या पन्नास-साठने येत असतील तर मधोमध राहून हक्क दाखवायचा नाही, पुलाच्या आधी थांबायचं, मोठी गाडी जाऊ द्यायची आणि मग रिकाम्या जागेत निघायचं. तुमचे चाळीस सेकंद जातात फक्त.

कारण ब्रेकचा हिशोब बघा. गाडी ताशी ४० ने असेल तर सेकंदाला ११ मीटर चालते. ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, हवा नळीतून जाऊन ब्रेक पकडायला अजून अर्धा सेकंद, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच सोळा मीटर गेली. पुढे कोरड्या रस्त्यावर भरलेली गाडी थांबायला जवळपास तेवढेच अजून. एकूण तीस मीटर, म्हणजे ४० फुटी कंटेनर असतो तसे अडीच कंटेनर. दहा टायरची डंपर भरली की २८ टनांच्या आसपास वजन असतं, ड्रायव्हर कितीही चांगला असू दे, तो तिला जागेवर उभी करू शकत नाही. त्यामुळे मोठ्या गाडीच्या पुढे पटकन कट मारून शिरणं, मग तुम्ही दहा फूट पुढे असलात तरी, हे करायचंच नाही. तसंच ट्रकच्या मागे चिकटून हवा वाचवत जाणं, पोरं करतात, मजा वाटते, पण पुढचा खड्डा दिसत नाही, त्याचे ब्रेक लाइट चालू असतील याची खात्री नाही, आणि मागून सळई बाहेर आलेली गाडी असेल तर विचारूच नका.

हॉर्नबद्दल. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाड्यांच्या मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहायला बंदी आली, तरी हॉर्नची सवय गेली नाही. मागून कर्कश हॉर्न वाजला की दचकून मागे बघताना हँडल उजवीकडे वळतं, हे सगळ्यांचं होतं. याला सवय लावावी लागते, रिकाम्या मैदानात पांढऱ्या रेषेवरून सायकल चालवत उजव्या खांद्यावरून मागे बघायचा सराव करा, रेष सुटली नाही पाहिजे. आठ दिवसांत जमतं. हँडलला उजवीकडे छोटा आरसा लावा, शे-दोनशे रुपयांत मिळतो, माझ्या मते बाकी सगळ्या वस्तूंपेक्षा तो आधी घ्यावा.

दुसरी शिफ्ट असेल तर रात्री परत यावं लागेल. मागे लाल लाइट, तो चांगला, बटणाची बॅटरी टाकायचा खेळण्यातला नको. शिवाय पेडलला आणि बुटाच्या मागे रेडियम पट्टी चिकटवा. पाय वरखाली होतात तशी ती वरखाली चमकते, आणि ड्रायव्हरला लांबूनच कळतं की ही सायकल आहे. पाठीवरच्या सॅकपेक्षा पायावरचं रेडियम आम्हाला आधी दिसतं, कारण ट्रकचा लाइट खाली पडतो. आणि रात्री दुभाजकातल्या पंक्चरमधून, म्हणजे दुभाजक तोडून ठेवलेल्या जागेतून, ट्रेलर यू-टर्न घेतात, तेव्हा अख्खा ट्रेलर रस्त्यावर आडवा असतो, बाजूला एक लाइट नसतो, समोर नुसता काळोख दिसतो. लांबवर समोरच्या गाड्यांचे लाइट अचानक गायब झाले तर मध्ये काहीतरी आडवं आहे असं समजून थांबा.

ऊस हंगामाचंही बोललं पाहिजे, तुमच्या रोडला कमी असेल, पण सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन बारामती, सातारा, कोल्हापूरकडे जाणारे खूप आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी फूट-फूट बाहेर आलेला, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली. मागची ट्रॉली सापासारखी डुलते आणि बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, उतारावर मागची ट्रॉली पुढच्याला ढकलते. स्पीड सायकलएवढाच असल्यामुळे ओलांडायचा मोह होतो. सपाटीवर, समोर लांबपर्यंत रिकामं असेल तरच, उजवीकडून मोठं अंतर ठेवून जा. चढावर आणि उतारावर तर मागेच थांबा, आणि मागे म्हणजे ऊस खाली पडला तरी अंगावर येणार नाही एवढं मागे.

घाटात एवढंच की चढावर मोठ्या गाडीच्या मागे चिकटू नका, गिअर बदलताना भरलेली गाडी दोन-चार फूट मागे येते. उतारावर जळका वास आला तर कोणाचे तरी ब्रेक तापलेत, बाजूला होऊन थांबा. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना माहितीच आहे, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक जाऊन तिथे काय काय झालंय तेही. तिथे मेन रोडला सायकल घालू नका.

काही जण विचारतात की समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उलट्या बाजूने चालवली तर? नको. तुम्ही १८ ने आणि ट्रक ५० ने असेल तर त्याच दिशेने जाताना दोघांतला फरक ३२ चा, उलटं गेलात तर ६८. त्याला विचार करायला निम्मा वेळ उरतो, आणि गेटमधून बाहेर येणारा ड्रायव्हर फक्त उजवीकडे बघतो, तुमच्याकडे बघतच नाही.

आता तुमच्या रोजच्या जाण्याचं. वेळ बदलता आली तर निम्मा प्रश्न सुटतो. शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात सगळ्या बसेस एकदम धावत असतात, कामगारांचा हजेरीचा पंच चुकला तर ड्रायव्हरला बोलणी बसतात म्हणून तो पळवतो, मी पळवलीये. तुम्ही पाऊण तास आधी निघा, कंपनीत जाऊन चहा घ्या. पण फार पहाटेही नको, चार ते सहा ही वेळ रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाच्या डोळ्यावर झापड येण्याची असते, रविवारी पहाटे हायवेला सायकल घेऊन जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं, उजाडल्यावर निघावं. रस्ताही बदलून बघा, चिंबळी, कुरुळी, निघोजे या बाजूने आतले गावातले रस्ते आहेत, एखाद्या सुट्टीच्या दिवशी फिरून या आणि कुठला तुकडा मेन रोड टाळून जोडतो ते ठरवा. दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. आतल्या रस्त्यावरही डंपर असतात, फक्त तिथे ते हळू असतात आणि एका वेळी एकच असतो.

राहिला रस्ता ओलांडण्याचा प्रश्न. तुमच्या कंपनीचं गेट रस्त्याच्या उजव्या बाजूला असेल तर चालत्या ट्रॅफिकमधून हळूहळू उजवीकडे सरकत जायचा प्रयत्न त्या रोडला करू नका. गेटच्या पुढे जाऊन जिथे चौक किंवा सिग्नल आहे तिथे डावीकडे थांबा, सायकलवरून खाली उतरा, आणि पायी चालणाऱ्या माणसासारखी हातात धरून ओलांडा. समोर थांबलेल्या ट्रेलरच्या पुढून जाताना त्याच्या पलीकडच्या लेनमधून कोणी येतंय का ते डोकं बाहेर काढून बघा, मगच सायकलचं चाक पुढे टाका.